भीमपलास चपला घालतो

कराडला प्रभाताई बिवलकरांच्या गायनवर्गात जो राग गायचा असेल, तो स्वतः येऊन समोर बसतो. भीमपलास दुपारचा, त्यामुळे तो जेवणं आटोपल्यावर येतो, रुमालाने मान पुसतो आणि खिडकीजवळची खुर्ची घेतो. यमनसारखा तो गप्पिष्ट नाही. गाणं पटलं नाही तर मुकाट्याने उठतो. एकाच गळ्यासमोरून तीनदा उठला, की त्या गळ्याला तो कायमचा बंद. मग कितीही घसाफोड केली तरी नुसते सूर येतात, राग येत नाही.

रेवती माळवदेसमोरून तो दोनदा उठला होता.

प्रभाताईंना हे उमजेना. रेवती त्यांची सगळ्यात तयार शिष्या. बाहेर उभं राहून ऐकलं तर ताई गातायत की रेवती, हे शेजाऱ्यांनाही ओळखू येत नसे, आणि त्याचा ताईंना फार अभिमान होता. तिसऱ्या खेपेला तंबोरे त्यांनी स्वतः जुळवले.

रेवतीने बंदिश मांडली. अंतऱ्यात तार षड्जाच्या अलीकडे ती किंचित थांबली, बारीकसं खोकली आणि षड्जावर गेली.

भीमपलासने पायाने चपला चाचपल्या.

"अहो, थांबा की!" तबल्यावरचे दिगूकाका हात न थांबवता म्हणाले. "पोरीचं चुकलं काय, ते तरी सांगून जा."

"तो मधला खोकला," भीमपलास म्हणाला.

"तो आमच्या घराण्यातला आहे," प्रभाताई ताठ बसत म्हणाल्या. "मला शिकवणाऱ्या बाई तिथे असंच करायच्या. मी त्यांच्याकडून घेतलं."

"मी तर त्याच्यासाठी एक मात्रा मोकळी सोडतो," दिगूकाकांनी पुस्ती जोडली.

"तुमच्या बाईंना दमा होता, प्रभाताई," भीमपलास म्हणाला. "तुम्हाला काय झालंय? आणि या मुलीला? तुमचं गाणं मी तुमच्याकडे ऐकलंय. तेच ऐकायला पुन्हा उन्हातून कशाला येऊ?"

तो दाराकडे निघाला. रेवतीचा चेहरा उतरला.

"ताई, आता पुढे काय घेऊ?"

पुढची जागा ताईंच्या ओठांवर आलेली होती, वर्षानुवर्षं घोटलेली. त्यांनी ती गिळली.

"मला विचारू नकोस. गा."

आवर्तन फिरून मोकळ्या मात्रेपाशी आलं. रेवती खोकली नाही. ती रिकामी जागा पाहून क्षणभर गडबडली, वर जायचं सोडून थेट मंद्र निषादावर उतरली, तिथे जरा टेकली, आणि सूर न तोडता एका लांब मींडेने मध्यमावर येऊन तशीच थांबली. दिगूकाकांची मान आपोआप हलली. पुढच्या आवर्तनात ती त्याच वाटेने आणखी आत शिरली. आवाज थोडा कापत होता, पण तो तिचाच होता.

भीमपलास उंबऱ्यावरून परतला. खुर्ची सोडून तो सतरंजीवर बसला, तिच्या अगदी समोर.

गाणं संपलं.

"अंतऱ्यातून या वाटेने मी कधी गेलो नव्हतो," भीमपलास म्हणाला. "कुणी शिकवली हिला?"

"मी नाही!" प्रभाताई म्हणाल्या, साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

दारात पुढचा राग, मुलतानी, येऊन उभा होता. त्याची वेळ झाली होती. त्याच्याकडे न बघताच ताईंनी त्याला हाताने थांबायची खूण केली आणि रेवतीला म्हणाल्या, "पुन्हा गा."