दत्तूअण्णांचा ऑस्ट्रिया

"ऑस्ट्रियाचा काय खरा नाय, मास्तरानू. कालपासून जेवाक नाय तो."

सकाळी सकाळी कुंपणापलीकडून असं काही ऐकू आलं तर तुम्ही पेपर उघडू नका. पेपरात काही नसतं. आमचे शेजारी दत्तूअण्णा रात्री एक जपानी चित्रकथा वाचून झोपलेले असतात आणि सकाळी दात घासताना त्यांना ऑस्ट्रियाची काळजी लागलेली असते.

या चित्रकथेत प्रत्येक देश हा एक माणूस आहे. तो शेकडो वर्षं जगतो, भांडतो, रुसतो, लग्नं करतो आणि मोडतो. राजे येतात-जातात, हा आपला तसाच. मालवणपासून पंधरा किलोमीटरवरच्या आमच्या गावात सत्तरीच्या माणसाने असलं काही वाचावं हे लोकांना नवलाचं वाटतं. मला वाटत नाही. दत्तूअण्णा तालुक्याच्या कचेरीत अव्वल कारकून होते आणि आयुष्यभर त्यांनी जमिनीचे कागद सांभाळले. चुलत्या-पुतण्याची बांधावरून चाललेली भांडणं ज्याने चाळीस वर्षं पाहिली, त्याला युरोप समजायला कितीसा वेळ लागणार?

ही पुस्तकं त्यांना मुलीच्या कपाटात सापडली. पहिलं पुस्तक त्यांनी उलट बाजूने वाचलं. जपानी पुस्तकं उजवीकडून सुरू होतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे महायुद्ध आधी संपलं आणि मग सुरू झालं. तरी त्यांना सगळं व्यवस्थित समजलं. "सरकारी फायल अशीच लागता," ते म्हणाले. "ताजो कागद वर."

मग त्यांना कळलं की इंटरनेटवर या कथेच्या वाचकांचा एक मोठा अड्डा आहे. कुठला देश असा का वागतो, त्याला काय आठवतं आणि तो काय विसरल्याचं सोंग करतो, यावर तिथे जगभरची पोरं तावातावाने लिहितात. दत्तूअण्णांनी तिथे 'सातबारा' या नावाने प्रवेश केला. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे मसुदा तपासण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिला मसुदा मी अजून विसरलेलो नाही. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की ऑस्ट्रिया दुःखी आहे' याचं शब्दशः कचेरीतलं इंग्रजी होतं ते. खाली 'योग्य त्या आदेशार्थ' असंही होतं. ऑस्ट्रियाच्या दुःखावर कोणी आदेश काढायचा, हे मात्र लिहिलं नव्हतं.

पण माणसाची नजर पक्की. या कथेतला ऑस्ट्रिया एके काळी मोठ्या घराचा कर्ता होता. वाटण्या झाल्या, जो तो वेगळा निघाला आणि हा दोन खोल्यांत आला. तरी रोज जेवायला बसताना तो टेबलावर सगळ्यांच्या ताटल्या मांडतो. अड्ड्यावरची पोरं म्हणत होती की तो भ्रमिष्ट झाला आहे. दत्तूअण्णांनी लिहिलं की बारा ताटल्या मांडणारा भ्रमिष्ट नव्हे, थोरला आहे. वाटणीनंतर प्रत्येक थोरल्या भावाचा हात असाच चुकतो. डोकं विसरतं, हात विसरत नाही. हे वाचून ब्राझीलचा एक मुलगा म्हणे रडला.

त्यावर 'तिरफळ' नावाच्या कोणीतरी लिहिलं, "बारा नाहीत, अकरा आहेत. नीट मोजा."

दत्तूअण्णा हे सांगायला उड्या मारत आले. "मास्तरानू, तिरफळान माका फाडल्यान!" ब्राझीलच्या अश्रूंचं त्यांना काही नव्हतं. अकरा ताटल्यांनी मात्र त्यांचा दिवस गोड केला. माणूस असा, की कौतुक केलं तर मान हलवील आणि चूक काढली तर घरी जाऊन चहा ठेवील. मी याला त्यांचा मोठेपणा समजत होतो.

त्यांच्या या नादातून कोणी सुटलेलं नाही. शेवंती मासे घेऊन दारात आली की तिला पोर्तुगालची हकिकत ऐकावी लागते. कथेतला पोर्तुगाल कुठल्याही घरातून निघताना दार लावत नाही. "गो शेवंते, साडेचारशे वर्सां आमच्या शेजारी रवलो, नि जाताना दार ओढून घेवक नाय. म्हणजे परत येवच्या इचारान गेलो, होय की नाय?"

"अण्णानू, बांगडे घेतास तर घेवा," शेवंती म्हणते. "पोर्तुगालाक व्हये असतीत तर तेकाय सांगा. चार वाजता संपतले."

आता माझा मूर्खपणा सांगतो. गेल्या वर्षी त्यांच्या मसुद्यांत मला विचित्र चुका दिसू लागल्या. व्हिएन्ना ऱ्हाइन नदीच्या काठावर आहे, असं एकदा लिहिलं होतं. दुसऱ्या वेळी त्याहून भयंकर: पोर्तुगाल सत्तेचाळीस साली गोवा सोडून गेला. गोवा मोकळा झाला तेव्हा सात वर्षांचे दत्तूअण्णा वडिलांच्या खांद्यावर बसून वाटलेली साखर खात होते, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितलं आहे. त्यांना अख्ख्या गावाचे सर्व्हे नंबर आजही तोंडपाठ आहेत. मला वाटलं, वय झालं. जीव कळवळला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही न बोलता चुका सुधारल्या आणि तसं चार-पाच वेळा केलं.

दोन महिन्यांत माणूस पार उतरला. दाढी वाढली. ऑस्ट्रिया जेवला की नाही याची सकाळची बातमी बंद झाली. शेवंती दोनदा बांगडे परत घेऊन गेली. मी काळजीने विचारायला गेलो तर माझ्यावरच उसळले.

"तुमका चुका काढूक कोणी सांगितला?"

"अहो अण्णा, व्हिएन्ना ऱ्हाइनवर नाही. डॅन्यूबवर आहे."

"माका म्हायत आसा! चौथीतल्या पोराक म्हायत आसा!" त्यांचा आवाज चिरकला. "इंग्रजी सुधारूक दिलेला तुमका. चूक माझी होती, ती थंयच रवाक व्हयी होती."

 ते पडवीतल्या बाकावर बसले आणि हळू बोलले. "बरोबर लिवलेल्याक कोण उत्तर देता, मास्तरानू? धा जण अंगठो दाखवतत नि जातत. ती येता ती चूक बघून. चूक दिसली काय तिका रवावना नाय. ल्हानपणापासून तशीच."

"ती कोण?"

"तिरफळ नाव मालवणच्या भायलो कोण घेतलो काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी, घरातली बायो. लहानपणी बांगड्याच्या तिकल्यातलं, म्हणजे तिखट कालवणातलं तिरफळ तिच्या दाताखाली आलं की तोंड बधिर व्हायचं आणि ती घर डोक्यावर घ्यायची. रोज तिची आई, आमच्या काकी, म्हणायच्या की बाजूला काढून ठेव, आणि रोज ते हिच्याच दाताखाली यायचं. ही बायो चौदा वर्षांपूर्वी शिकायला व्हिएन्नाला गेली, तिथेच नोकरीला लागली. काकी वारल्या तेव्हा येऊन गेली. मग तीन वर्षांपूर्वी तिने फोन केला की तिथलं नागरिकत्व घेते आहे, इथला पासपोर्ट परत करावा लागेल. मी तेव्हा पडवीतच बसलो होतो. दत्तूअण्णा शांतपणे म्हणाले, "मगे हयसर येताना माझ्या घराचो पण व्हिसा काढून ये." तिने फोन ठेवला. त्यानंतर तिचा फोन नाही, यांचाही नाही.

"एक फोन करा की," मी म्हटलं.

"कागद एकदा जावक झालो काय मागे घेवक येणा नाय," अव्वल कारकून म्हणाले. "पण बापूसच लिवता ता तिका म्हायत आसा. सातबारा म्हणान दुसरो कोण लिवतलो? माका म्हायत, तिका म्हायत. दोघांनीय सांगूक नाय, इतक्याच."

म्हणजे ऑस्ट्रियाचं ते सगळं मानसशास्त्र, ती ताटल्यांची मोजदाद. ज्या देशाने आपली मुलगी ठेवून घेतली तो स्वभावाने कसा आहे, जेवतो-खातो का, माणसं विसरतो का, हे हा बाप तीन वर्षं चित्रांमधून तपासत होता. मी मान खाली घालून घरी आलो. इंग्रजीच्या मास्तराला चुका काढायच्या सवयीची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

मार्गशीर्षात आमच्या गावाची गावपळण आली. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव गाव सोडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहतात. गावात एक चूलही पेटत नाही. मग देवाने उजवा कौल दिला की परत जायचं. आमच्या झोपड्या शेजारी-शेजारी होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तूअण्णांनी गुळगुळीत दाढी करून मला एक मसुदा आणून दिला. विषय होता: देशातली सगळी माणसं निघून गेली तर त्या देशाला काय आठवतं?

त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या गावात अशी पद्धत आहे की सगळे जण पाच दिवसांसाठी गाव सोडून जातात. त्या दिवसांत गाव कोणालाच ओळखत नाही. जे सर्वांत लांब गेले, त्यांना तर ते कायमचं विसरतं."

'पाच'वर माझं पेन गेलं आणि थांबलं. ती चूक मुद्दाम केली होती, हे मला कळलं. त्यापुढची वाक्यं त्यांनी चूक म्हणून लिहिली की खरी वाटून लिहिली, ते कळेना. मी एक स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिला.

झोपडीत रेंज नव्हती. काजूच्या बागेत एका चिऱ्यांच्या ढिगावर चढलं की दोन काड्या यायच्या. चार वाजता दत्तूअण्णा त्या ढिगावरून मला हाका मारू लागले. मी धावत गेलो. फोन त्यांनी माझ्या हातात दिला, कारण चष्म्यात पाणी आलं होतं.

तिरफळाने पहिल्यांदाच इंग्रजी सोडलं होतं. "तीन दिवस. पाच नाय. आणि गाव कोणाक इसारणा नाय, तुमी खोटा लिवल्यात. परत येवक व्हिसा लागता काय?"

"मास्तरानू," दत्तूअण्णा घाईघाईने म्हणाले, "इंग्रजीत 'लागणा नाय' कसा लिवतत?"

"अण्णा, तिने मालवणीत विचारलंय."

"होय की." त्यांनी फोन घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'लागणा नाय. उजवो कौल आसा. ये.'

पाठवायच्या जागी बोट नेलं आणि ते थबकले. चेहऱ्यावर खरी भीती दिसली. "ह्यात चूक नाय, मास्तरानू. मगे ती उत्तर कसा देतली?"

  मग ते स्वतःच हसले, आणि खाली आणखी एक ओळ लिहून त्यांनी पाठवून दिलं.

'तुका तिरफळा लय आवडत होती.'