अस्वलसाहेबांनी खाल्लेले काजू

एका जंगलात, म्हणजे वाघबिघ असतात तसल्या मोठ्या नाही हां, मध्यम साइजच्या जंगलात, दिगू नावाचं एक मुंगूस राहायचं. मध्यम म्हणजे कसं? तर एक मॉल, अर्धा उड्डाणपूल आणि गल्लोगल्ली पिझ्झा.

दिगू अस्वलसाहेबांच्या कचेरीत मधाच्या बरण्या मोजायचा. पगार महिन्याला तीस बोरं. ढोलीचं भाडं चौदा, काजव्यांचं लाइटबिल तीन, पिल्लाची शाळा आठ. उरलेल्यात तिघांनी महिनाभर जेवायचं. करा गणित, मी थांबतो.

झालं? आता ऐका. एक दिवस ढोलीची मालकीण घुबडकाकू म्हणाली, "पुढल्या महिन्यापासून भाडं अठरा. जमत नसेल तर ढोली सोडा."

दिगू धावत साहेबांकडे गेला. "साहेब, पगारात भागत नाही हो."

"न भागायला काय झालं? हे काय मोठं जंगल आहे? इथे सगळं स्वस्त असतं."

"कोण म्हणतं साहेब?"

"मोठ्या जंगलातले सगळेच म्हणतात!" साहेबांनी पोट खाजवलं. "बरं, रविवारी तुझ्या घरीच येतो. डोळ्यांनी बघतो. खरंच भागत नसेल, तर पाच बोरं वाढवली!"

दिगू उड्या मारत घरी आला. "शेवंते, काम झालं! साहेब आपली गरिबी बघायला येतायत!"

"घरी? साहेब?" त्याची बायको ताडकन उठली. "आणि बसवू कुठे त्यांना? ह्या फाटक्या चादरीवर?"

"अगं, तेच तर दाखवायचंय!"

"काही नको! उद्या अख्खी कचेरी म्हणेल, दिगूच्या बायकोला साधा संसार येत नाही."

चूक होतं तिचं. पण बरोबर होतं ना!

मग काय, शेजारच्या खारीकडून काचेचे कप आले. सशीणबाईंनी भरतकामाची चादर दिली. साळिंदराची खुर्ची आली. शेवटी दिगूलाच राहवेना. "पोह्यात काजू टाकू या का गं थोडे? साहेब आहेत." घरातली उरलेली दोन्ही बोरं देऊन त्यानं काजू आणले.

रविवारी साहेब आले. तीन बशा पोहे खाल्ले.

दिगूनं हळूच विषय काढला. "तर साहेब, ते भागत नाही म्हणालो होतो..."

"अय्या, काहीतरीच काय!" शेवंतीनं चौथी बशी पुढे केली. "देवाच्या दयेनं काही कमी नाही आम्हाला. घ्या हो, संकोच करू नका!"

साहेबांनी एक काजू उचलला. उजेडात धरून नीट पाहिला.

"दिगू, माझ्या घरी पोह्यात शेंगदाणे असतात."

दिगूनं आपल्या बशीतला काजू हळूच पोह्यांखाली सारला.

"तीस बोरांत काजू! मीच जरा जास्त देतोय वाटतं."

पुढल्या महिन्यापासून पगार पंचवीस झाला. ढोली सुटली, शाळाही सुटली. डोक्यावर ट्रंक घेऊन तिघं गावाकडच्या बिळाकडे निघाले. साहेबांनी पोह्यांची तारीफ केली म्हणून शेवंती मात्र अजून खूश होती.

वाटेत पिल्लानं विचारलं, "बाबा, आपण गरीब आहोत का?"

"श्श! हळू बोल," दिगू म्हणाला. "शेजारी ऐकतील."

तात्पर्य : बाळांनो, मध्यम जंगलात पगार पुरतो की नाही हे पोह्यांवर ठरतं. म्हणून गणितात नापास झालात तरी चालेल, पण बेचव पोहे करायला आत्तापासूनच शिका.