बिल्यानाची ओळख, निळ्या चौकटीत

कुणाचीही ओळख गावाला करून द्यायची असेल तर ते काम माझ्यावर सोपवावं, असं मी त्या आठवड्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. माझं वय एक्क्याऐंशी. त्यातली एकेचाळीस वर्षं गालिचे विणण्यात गेली. आजूबाजूच्या पाच गावांत कोण कुणाची सून, हे मला तोंडपाठ!

माझी नात बिल्याना राजधानी सोफियाहून परतली ती लॅपटॉप आणि दोन मांजरं घेऊन. ती वेबसाइट बनवते. म्हणजे नक्की काय करते, हे मला बरेच दिवस उमगलं नव्हतं. मग एकदा मी तिच्या खुर्चीमागे उभी राहिले. काळ्या पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळींवर ओळी चढत होत्या. तिनं त्यातला एक आकडा बदलला, आणि शेजारच्या पानावरचा लाल पट्टा सरकून डाळिंबी झाला. माझ्या अंगावर काटा आला. आम्ही मागावर हेच तर करायचो! धागे मोजायचे, ओळ दाबून बसवायची, एक धागा चुकला की पाखराची मान वाकडी. त्या काळी कारखान्याच्या हॉलमध्ये आम्ही साठजणी एका ओळीत बसायचो, आणि माझी पोर तेच काम एकटी, धाग्यावाचून करत होती.

तिनं स्वतःची ओळख सांगणारं पानही बनवलं होतं. कुठे शिकली, काय काय येतं, कुणाची कामं केली. शेवटी लिहिलं होतं, ‘कामासाठी जरूर संपर्क साधा.’ संपर्क कुणी साधत नव्हतं. आमच्या विणकर सहकारी संस्थेला वेबसाइट हवी होती, म्हणून तिनं अध्यक्ष त्रिफोनला तीन ईमेल पाठवले. त्रिफोन ईमेल उघडत नाही, त्याला डोळ्यांना त्रास होतो म्हणे. शनिवारच्या सभेत ते काम शहरातल्या कुठल्याशा कंपनीला जाणार होतं. तसं झालं तर बिल्याना जर्मनीला जाणार होती, तिथल्या नोकरीचं बोलावणं आलेलंच होतं. मुलगा-सून आधीच स्पेनला. आता हीही गेली, की घरात मी आणि मांजरं.

मग मी विचार केला, आमचं गाव वाचतं तरी काय? तर बेकरीची भिंत, बसथांबा आणि चर्चचं दार. कुणी वारलं की तिथे पत्रक लागतं. फोटो, नाव, चार ओळी. पाव घ्यायला आलेला माणूस आधी ते वाचतो, मग पाव मागतो. पोरीची ओळखही तिथेच लावली तर?

गुरुवारी बसनं बाजारगावी गेले. छपाईचं दुकान तिथे एकच, आणि तो दुकानदार शवपेट्याही विकतो. चांगल्या कामात मरणाचं नाव कशाला काढा, म्हणून मी एवढंच सांगितलं की क्रूस नको, काळी चौकट नको, आणि जन्मापासून आजपर्यंतचं सगळं थोडक्यात लिहा. चौकट निळी करा, तिच्या पानाचा रंग निळाच आहे. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, “फार वाईट झालं.” मी मनाशी म्हटलं, याला तीस वर्षांची सवय, हा वाढदिवसालासुद्धा सांत्वनच करणार.

पत्रक मात्र सुरेख! बिल्यानाचा काळा-पांढरा फोटो, खाली १९९४ – २०२३, आणि मजकूर: ‘सोफियात शिक्षण. अविश्रांत काम केले. आता आपल्या गावी कायमची परतली आहे. तिची कामे पुढील पत्त्यावर पाहता येतील.’ शुक्रवारी सकाळी सातला मी तिन्ही ठिकाणी चिकटवलं आणि एक आमच्या फाटकावर. बिल्याना मागच्या खोलीत कानांना हेडफोन लावून कामाला बसली होती.

आठ वाजता शेजारची पेन्का आली. हातात झाकलेली ताटली, डोळे सुजलेले.

“तीन दिवस पोर अंगणात दिसली नाही, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं,” ती म्हणाली. “आणि तू अशी दगडासारखी उभी, व्हेल्के?”

“रडू कशाला? आता तरी लोकांना तिची किंमत कळेल.”

पेन्कानं मला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, कौतुक ऐकून बाई भारावली. मग तिनं ताटलीवरचं फडकं काढलं. साखर पेरलेले उकडलेले गहू, मयताच्या नावानं वाटतात तसे! तिच्या पिशवीत फुलं होती. मी मोजली. सहा. जिवंत माणसाला आमच्याकडे कुणी समसंख्येनं फुलं देत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निळी चौकट लागते ती तरण्या, बिनलग्नाच्या माणसाच्या पत्रकाला. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण गेल्या वीस वर्षांत आमच्या गावात तरुण माणूसच उरलेलं नाही, मग निळी चौकट दिसणार कुठे? क्रूस काढून तरी काय साधलं? जुन्या कम्युनिस्ट राजवटीत अर्ध्या गावाची पत्रकं बिनक्रुसाचीच असायची.

मी तोंड उघडणार तोच फाटकातून त्रिफोन आत आला. टोपी हातात, मागे संस्थेच्या अकरा विणकर बायका, सगळ्या काळ्या कपड्यांत. काही सांगायची सोय नव्हती, कारण त्रिफोन उभा राहिला की भाषणच करतो. त्यानं सांगितलं की पत्रकावरचा पत्ता पाहून त्यांनी कचेरीतला संगणक लावला. पोरीनं कुणी न सांगता संस्थेची वेबसाइट नमुना म्हणून अर्धी करून ठेवली होती. गालिच्यावर बोट ठेवलं की तो जवळ येतो, गाठन् गाठ दिसते, आणि खाली तो विणणारीचं नाव.

“व्हेल्काकाकू, तुमचा एकोणसत्तर सालचा गालिचा आहे त्यात,” त्रिफोन म्हणाला. “तुमच्या नावासकट.”

तो गालिचा राजधानीच्या प्रदर्शनात टांगला होता. खाली कारखान्याचं नाव होतं. चोपन्न वर्षं मी हे कुणाजवळ बोलले नव्हते, फक्त एकदा भाजी निवडताना बिल्यानाला सांगितलं होतं. मी बाकावर बसले आणि खरोखरच रडायला लागले. त्यामुळे उरलासुरला संशयही फिटला. बायकांनी सूर धरला.

“अशी मुलगी आपल्यात होती,” त्रिफोन डोळे पुसत म्हणाला, “आणि मी तिला एक ओळ उत्तर लिहिलं नाही. आज ती असती तर हे काम मी दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.”

“मग मी सोमवारपासून सुरू करते,” दारातून बिल्याना म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती, देव जाणे. हातात कॉफीचा कप, खांद्यावर मांजर.

पेन्काची ताटली अंगणात पडली. दोन विणकरणींनी भराभरा क्रुसाची खूण केली, एकीनं बिल्यानाच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. त्रिफोनला पाणी द्यावं लागलं, आणि मग पाण्यापेक्षा कडक काहीतरी. पण अकराजणींसमोर दिलेला शब्द त्याला मागे घेता येईना.

सगळे गेल्यावर मी खुर्ची घेऊन फाटकाकडे निघाले. म्हटलं, आता बोलणी खाण्याआधी निदान पत्रकं तरी काढून टाकावीत.

“थांब, आजी,” बिल्याना फोनवर बोट फिरवत म्हणाली. “दोन वर्षांत माझं पान जितक्या लोकांनी पाहिलं नाही, तितक्यांनी आज सकाळपासून पाहिलंय. पलीकडच्या गावातल्या वाइनवाल्याला वेबसाइट हवी आहे. तिथली बेकरी तुला माहीत आहे ना?”

माहीत होती. फाटकावरचं पत्रक घेऊन दुपारच्या बसनं गेले. फक्त चर्चच्या दारावरचं तेवढं पत्रक काढलं, कारण पाद्र्यांनी चारची वेळ देऊन टाकली होती आणि खड्डा खणणारा येऊन उभा होता.