प्रकाश गिळणाऱ्या कुंदाताई

संध्याकाळी चारकोपच्या आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांकडून फोडणीचा वास यायचा, कुंदाताईंकडून अमोनियाचा. त्या स्वयंपाकघरात काचेच्या लोलकावर चांदी चढवायच्या. मी दार वाजवलं की आतून आवाज, "ये गं! नाक घरी ठेवून ये!"

कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेल्या, एकट्याच राहायच्या. ध्यास एकच. चांदीचा थर अगदी पातळ हवा आणि मोडीतून उचलून दुरुस्त केलेल्या लेझरचा प्रकाश त्यावर नेमक्या कोनात पडायला हवा. मग म्हणे चांदीच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन लाटेसारखे हेलकावतात आणि प्रकाश परत न येता त्या लाटेत जिरतो. मोठ्या यंत्राशिवाय असा थर जमणार नाही, असं कॉलेजातले सांगत.

"का नाही जमणार? चांदीला त्यांची परवानगी लागते काय?" ताई फणकारायच्या.

शेवटी सोसायटीचे चेअरमन सावंत जिना चढून आले. "ओ बाईनू, ह्यो वास बंद करा. नायतर कमिटीत विषय घेतंय."

"घ्या की! रविवारी सगळ्यांना घेऊनच या. लोलकावरून परतून भिंतीवर पडणारा लेझरचा लाल ठिपका विझवून दाखवते. नाही विझला तर माझ्या हाताने सगळं बंद!"

रविवारी पडदे ओढलेल्या खोलीत अख्खा मजला जमला. ताई लोलक केसभर फिरवायच्या, ठिपका भिंतीवर सरकायचा, पण विझायचं नाव नाही. लोक कंटाळले आणि चिवड्याकडे वळले. सावंत गावच्या आंब्यांवर घसरले. कोणीतरी हसलं, मग सगळेच खिदळायला लागले.

मी ताईंना चिकटून बसले होते. आणि काय सांगू, ठिपका विझला! भिंत काळी! मी ओरडणार तोच ताईंनी माझा हात दाबला. त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं आणि लोलक हळूच मागे फिरवला. ठिपका पुन्हा लालभडक.

"आज काही जमत नाही हो," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"मगे बंद?" सावंत.

"बंद कशाला? पुढच्या रविवारी दाखवते! या सगळे."

"बरा. पण तो शेवटचो हां."

सगळे गेल्यावर मी भडकलेच. "ताई, डोकंबिकं फिरलंय का? जिंकला होतात ना! पुढच्या वेळी नाही विझला तर सगळं बंद करायला लावतील!"

ताई कप गोळा करत होत्या.

"दाखवलं असतं तर टाळ्या वाजवून गेले असते गं," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी कोण आलं असतं?"