आपत्ती आमंत्रित आहेत

आमच्या मोहल्ल्यात गोंदियाहून येणारी बस रोज दौलतकाकांच्या दारापुढे लाल झंडी पाहून थांबायची. पुढे ना फाटक, ना रूळ. काका तिरोडीकडच्या रेल्वे फाटकावरून गेटमन म्हणून रिटायर झाले होते. पण ही बातमी त्यांच्यापर्यंत काही पोचली नव्हती.

बैलगाडी असो, सायकल असो, गवळ्याची म्हैस असो, "लाइन क्लिअर नाही!" म्हणत काका आडवे. पंगतीत कोणी भात वाढायला आलं तरी हेच. बसचा ड्रायव्हर शिव्या देऊन थकला. पण मिनिटभर झाल्याशिवाय हिरवी झंडी निघायची नाही. वाहतुकीची एवढी सेवा, तीही फुकट!

शेवटी मी सतरा सह्या गोळा केल्या आणि बस बाजारामागच्या रस्त्याने न्यावी, असा अर्ज नगरपालिकेत दिला. आमचं गाव हिंदी राज्यात, म्हणून पालिकेने चौकात हिंदीत नोटीस लावली : "आपत्तियाँ आमंत्रित हैं." हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. काकांची चौथी मात्र मराठीत झालेली.

"आता संकटंबी बलावून राह्यले का हे लोक?" त्यांनी मला विचारलं. मी हौ म्हटलं. तेवढीच गंमत.

हरकती ऐकायच्या सभेत पालिकेच्या साहेबांनी विचारलं, "किसी को आपत्ति है?"

काका उठले. "हाय साहेब. एकच हाय. पोरीनं आपल्या मनानं लगन केलं. मी म्हटलं, या मोहल्ल्यात पाय ठेवशीन तं खबरदार. राजेगावले असते. दर सोमवारी याच बशीनं बाजाराले येते. पाय नाही ठेवत, खिडकीतच बसून राह्यते. मी झंडी दाखवून तिले पाह्यतो. कोणाले समजू नये म्हून रोजच थांबवतो. बस तिकडून गेली, तं मी काय पाहू?"

कोणी हसलं नाही. मला माझीच लाज वाटली. अर्जावर पहिली सही माझी होती, मीच उठून म्हणालो, "साहेब, माझीबी आपत्ती लिहा." मागून एकेक हात वर झाला. बस जुन्याच रस्त्याने राहिली.

पुढच्या सोमवारी लाल झंडी निघाली. मिनिट झालं, दोन झाली. ड्रायव्हर ओरडायला लागला. काका खिडकीपाशी गेले, हिरवी झंडी उघडली आणि बसला नव्हे, आत बसलेल्या पोरीला दाखवली.

"उतर वो माय," ते म्हणाले. "लाइन क्लिअर हाय."