कालचा खरवस

मुरबाडजवळच्या वृद्धाश्रमात मी राहायला आलो, तेव्हा आदेशने, म्हणजे माझ्या मुलाने, खोलीत छोटा फ्रिज घेऊन दिला. (स्वतः महिन्यातून एकदा येणार, तर बापाला काहीतरी सोबत हवी.)

आश्रमाच्या व्यवस्थापिका चंद्रकलाबाई. त्यांचा नियम एकच. फ्रिजातल्या प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी लावायची आणि तीन दिवस झाले की डबा मोरीत रिकामा.

मागच्या खेपेला सूनबाईने खरवस पाठवला. सहा वड्या. संपवला तर घरचं असं काही उरणार नाही, म्हणून ठरवलं, रोज सकाळी चिठ्ठी बदलायची. चौतीस वर्षं कारकुनी केली होती, तारखेला कोण घाबरतो? अकरा दिवस खरवस कालचाच राहिला. (लोडशेडिंग रोज सहा तास. ते चिठ्ठ्या वाचत नाही.)

बाराव्या दिवशी शेजारच्या खोलीतले भगीरथ सहज म्हणाले, "अण्णा, तुमच्याकडं पन कोन येत नाय, माज्याकडं पन नाय. जोडी जमली आपली."

मला ते लागलं. "येत नाही कसं? कालच आदेश येऊन गेला. हा घ्या खरवस."

त्यांनी दोन वड्या खाल्ल्या. "जरा आंबूस लागतंय."

"लिंबू घातलंय. आदेशकडे कल्याणला असाच करतात."

(मी खाल्ला नाही. पुरवायचा होता.)

दुपारपर्यंत भगीरथ सात वेळा संडासला जाऊन आले. संध्याकाळी डॉक्टरांनी सलाईन लावलं.

"खरवस कधीचा?" चंद्रकलाबाईंनी विचारलं.

"कालचा."

"काल तुमच्याकडे कोणी आलं नव्हतं. वहीत सही नाही." त्यांनी सरळ आदेशला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी आदेश रजा टाकून आला. लाज वाटत होतीच, तरी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. तो थेट भगीरथांच्या खोलीत गेला. त्यांचा हात हातात घेऊन तासभर बसला. निघताना माझ्याकडे आला.

"बाबा, असं का केलंत?"

"संपला असता रे."

उरलेल्या चार वड्या त्यानेच मोरीत टाकल्या.

रविवारी आश्रमाच्या ऑफिसात त्याचा फोन आला. मी चपला न घालताच धावलो.

"बाबा, बरे आहात ना? जरा भगीरथकाकांना द्या."

भगीरथ पंधरा मिनिटं बोलले. मी शेजारी उभा होतो. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"अण्णा, पोरगा पुढल्या रविवारी येतोय मला बगायला. तुमी पन या बसायला."