नानांच्या बाटलीतला गूळ

एकोणीस वर्षांची असताना मी इटलीहून आलेल्या दारूत गूळ घातला. वरून वेलदोड्याची पूड. नातसून विचारते, आजी, तुम्हाला कळत नव्हतं का? अगं, कळत नाही हे तरी कुठे कळत होतं!

दारू नानांची. नाना म्हणजे यवतमाळात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे, दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी दवाखान्याचे कंपाउंडर म्हणून थेट इटलीपर्यंत जाऊन आलेले गृहस्थ. कुठलाही पातळ पदार्थ ते सरळ गिळत नसत. ताक असो की वरण, आधी उजेडात धरायचं, मग नाक खुपसायचं, मग डोळे मिटून तोंडात घोळवायचं. नवी नवरी म्हणून मी केलेला पहिला चहा त्यांनी असाच अर्धा मिनिट तोंडात ठेवला आणि म्हणाले, “सुरुवात चांगली आहे पोरी, पन अर्ध्या वाटेत बसून राह्यते.” मी घरी येऊन रडले. माझ्या नवऱ्याला वाटलं, नानांनी शिवी दिली.

इटलीत त्यांचा मुक्काम एका द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या घरी होता. तिथे रोजच्या जेवणात लाल दारू असे, आणि नानाही ती घेत. परत आल्यावर त्यांनी हे बायकोला, म्हणजे माईंना, खरं खरं सांगून टाकलं. माई भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त नानांचा पाट स्वयंपाकघरातून उचलून पडवीत नेऊन ठेवला. चौदा वर्षं तो तिथेच होता. माई ताट उंबऱ्यापर्यंत सरकवायच्या, नाना उचलून न्यायचे. जास्तीची भाकर हवी असली तर नाना भिंतीकडे बघून खाकरायचे.

मग आमच्याकडे दारूबंदी आली आणि नानांनी परमिट काढलं. ते आजारी माणसालाच मिळे, म्हणून ओळखीच्या डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. “आपण सरकारदरबारी आजारी आहो,” असं नाना ऐटीत सांगत फिरायचे. लोक हसायचे. माई हसल्या नाहीत. कागदावर शिक्का होता, आणि शिक्का मारून कोणी खोटं बोलतं हे त्यांना माहीत नव्हतं. आठ दिवस त्या नानांचा खोकला मोजत राहिल्या. नवव्या दिवशी मला म्हणाल्या, “त्याईले सांग, औषध घ्याचं तं माह्यासमोर घ्या. आत बसून, जेवणासोबत. रविवारी भरीत करते मी.”

निरोप ऐकून नाना खाली बसले. मग एकदम उठून पडवीतल्या आपल्या कपाटाकडे गेले. मित्रानं मुंबईहून इटलीच्या तीन बाटल्या धाडल्या होत्या, दोन त्यांनी निव्वळ प्रयोगात घालवल्या होत्या. “जवसाच्या चटणीसंगं भांडते. पातोडीच्या रश्शासमोर पळून जाते. भाजल्या वांग्याचा धूर तेवढा मानवते हिले.” उरलेली एक त्यांनी माझ्यासमोर धरली. “तीन जातीचे द्राक्षं एका बाटलीत नांदून राह्यले. आन् आम्ही दोघं पाहा.”

रविवारी दुपारी बूच काढून बाटली माझ्या हवाली झाली. माईंच्या घरात उघडी बाटली आधीपासून कशी ठेवणार? “दोन तास श्वास घेऊ दे तिले,” नाना बजावून गेले. मी तिला विंझण्यानं वारा घातला. खरंच घातला. मग चमचाभर चाखली. कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आखडली. उघडी ठेवली आणि आंबली! चौदा वर्षांनी बाई आत बोलावते आहे, आणि मी त्याच दिवशी बाटली नासवली. अंबाडीचं सार फार आंबट झालं की आमच्याकडे गूळ घालतात. मी घट्ट गुळवणी केली, नरसाळं लावलं आणि ओतली. वास झाकायला वेलदोडा.

दिवे लागले तेव्हा नाना धुतलेलं धोतर नेसून आतल्या पाटावर बसले होते. मी बाटली घेऊन उभी. माईंची नजर नानांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती.

“कडू असते का?” त्यांनी विचारलं.

“कोरडी असते,” नाना म्हणाले. “गोडाचं नाव नाही हिच्यात. गोड निघाली तं मी थुंकून टाकीन.”

मी पेला भरत होते. सांगावं तर माईंसमोर तमाशा, न सांगावं तर आता थुंकणार.

नानांनी पेला कंदिलासमोर धरला, नाकाशी नेला आणि थांबले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग घोट घेतला. डोळे मिटले. माईंच्या हातातली भाकर तशीच अधांतरी.

“काहून? दुखून राह्यलं का कुठं?”

नानांनी गिळलं. “नाही. बरं वाटून राह्यलं.”

माईंनी श्वास सोडला. भाकर मोडून अर्धी त्यांच्या ताटात ठेवली, वर भरीत. नानांनी पेला संपवला, दुसरा भरून घेतला. माई विचारत राहिल्या, वाढत राहिल्या. मी भिंतीला टेकून उभीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात नाना तुळशीला पाणी घालत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. नानांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, “वेलदोडा तं नाकालेच समजला होता पोरी. पन ती इचारून राह्यली होती, अजून अर्धी भाकर घेता का म्हणून. त्या वक्ती माह्या तोंडात काय होतं, थे मले इचारू नको.”